दिवा खाली पडला तर

मास्तर ओळखायचा तर त्याचा चेहरा पाहू नये, उजवी बाही पाहावी. कितीही धुतली तरी तिच्यावर खडूचा पांढुरका हात फिरलेला असतो. त्या साली सरकारनं नववीला नवं विज्ञान आणलं आणि ते पोरांच्या आधी आम्हाला कळावं म्हणून मे महिन्यात रामदासपेठेतल्या एका ट्रेनिंग कॉलेजात आमचा वर्ग भरवला. पहिल्या दिवशी मी बाह्याच पाहत बसले. कोणाला विज्ञान येतं, कोणाला फक्त त्याची पुस्तकं येतात, कोण घरच्या लग्नघाईतून पळून आलंय, हे दुपारपर्यंत माझ्या खाती मांडून झालं होतं. माणसांचा जमाखर्च ठेवायची मला खोड आहे. त्याला वही लागत नाही.

सगळ्यांच्या बाह्या पांढऱ्या होत्या. एक रुपराव भोयर सोडून.

रुपराव सावनेरकडच्या एका खेड्यातल्या शाळेत होते. उंच, वाळलेले, डोळे खोल गेलेले. सदरा असा स्वच्छ की जणू कापडाच्या दुकानातून थेट इथं आलेले. पण बाहीपेक्षाही विचित्र गोष्ट होती ती वेगळीच. हा माणूस गप्प बसत नसे. मोठ्यानं बोलत असे असं नाही. सगळे लिहून घेत असले की याचे ओठ हलत. माठाजवळ पाणी पिताना दोन घोटांच्या मध्ये पुटपुट. जेवतानासुद्धा.

"कुसुमताई, हे सर पोथी वाचून राहिले काय हो?" शोभानं मला कोपर मारून विचारलं. शोभाताई आमच्यात सगळ्यात नवी, हुडकेश्वरहून उन्हातान्हात सायकल हाणत येणारी, जिभेला हाड नसलेली.

"पोथी नाही वं, व्याख्या," मी म्हटलं. मी कान देऊन ऐकलं होतं. 'ऑक्सिजन ज्वलनास मदत करतो. ऑक्सिजन ज्वलनास मदत करतो.' एखाद्यानं भुताला दूर ठेवायला रामनाम घ्यावं तसं.

वर्ग चालवायला महादेवराव होते. निवृत्त इन्स्पेक्टर, डोक्यावर टोपी, तोंडात पान आणि पानाच्या आडून बोचकारणारं बोलणं. त्यांनी एक रीत घालून दिली होती. रोज एकानं फळ्यापाशी उभं राहून पाठ घ्यायचा आणि बाकीच्यांनी बाकांवर पोरं होऊन बसायचं. पण मनानं रचलेलं पोर चालणार नाही.

"आपापल्या शाळेतलं सगळ्यात डोकं खाणारं कार्टं आठवा आणि त्याले घेऊन बसा," ते म्हणाले. "ते जे विचारते तेच विचारायचं. आपली अक्कल बाहेर, चपलांजवळ ठेवायची."

मग काय विचारता! चाळिशीतली, पन्नाशीतली माणसं एकमेकांच्या पेन्सिली पळवू लागली. एक हेडमास्तर तर दर पाच मिनिटांनी करंगळी वर करत. शोभा तिच्या वर्गातली एक मुलगी व्हायची. डाव्या हातानं वेणीचं टोक चावायचं आणि उजवा हात सतत वर.

"तुमचं कोण, रुपराव?" महादेवरावांनी विचारलं.

"माझ्या वर्गात कोणी काही विचारत नाही," रुपराव म्हणाले आणि दाराजवळच्या बाकावर जाऊन बसले.

त्यांची पाळी आली तेव्हा चिठ्ठीत त्यांना ज्वलनाचा पाठ निघाला. भरदुपार होती. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यांवर मारलेलं पाणी, आणि तरीही भिंतीला हात लावला तर चटका. रुपराव फळ्यासमोर उभे राहिले, फळ्याकडे पाठ करून. खडू उचलला नाही. "लिहून घ्या," म्हणाले आणि सुरू झाले. एका सुरात, न थांबता, विरामचिन्हांसकट. 'विहिरीत उतरण्यापूर्वी दोरीने दिवा खाली सोडून पाहावा, स्वल्पविराम, दिवा विझल्यास खाली उतरू नये, पूर्णविराम.'

"रुपराव," मागून महादेवराव म्हणाले, "पोरं जिवंत आहेत का मेली, एकदा मान वर करून पाहा तरी."

आम्ही हसलो. रुपराव हसले नाहीत. त्यांनी पुढचं वाक्य सुरू केलं आणि नेमका तेव्हाच शोभाचा हात वर गेला. तोंडात वेणी, आवाज लहान पोरीचा.

"सर, पण दिवा नेमका कुठी विझते?"

रुपराव थांबले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे ओठ हलायचे थांबलेले मी पाहिले. वाळ्याच्या पडद्यावरून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. ते शोभाकडे पाहत होते खरं, पण शोभा त्यांना दिसत नव्हती. त्या बाकावर तिच्या जागी जे कोणी बसलं होतं त्याच्याशी ते बोलले, अगदी हळू.

"तू इथंबी आली?"

आणि उन्हात निघून गेले.

आवारात कडुनिंब होता. त्याच्या बुंध्याशी ते उकिडवे बसले होते. महादेवरावांनी स्वतः पाण्याचा तांब्या नेला. शोभा रडवेली झाली होती. "माह्या वर्गातली गोपिका विचारते हो हे. खरंच विचारते. मी काही रचलं नाही," असं ती ज्याला त्याला सांगत होती. "माझ्याही वर्गात विचारतात," करंगळीवाले हेडमास्तर म्हणाले. खरं तर सगळ्यांच्याच वर्गात कधी ना कधी कोणीतरी हे विचारलेलं होतं. ते ऐकून रुपरावांनी मान वर केली.

"मग तुम्ही काय सांगता त्याले?"

बहुतेकांनी 'मुकाट्यानं खाली बस' हेच सांगितलं असणार. माझं तरी तेच होतं.

मग ते बोलले. फळ्यापाशी उभं राहताना बोलत ती पुस्तकी मराठी गळून पडली.

"मी असा नव्हतो. माह्या तासाले दुसऱ्या वर्गातली पोरं खिडकीत येऊन उभी राहत. मी उत्तर कधी देत नव्हतो. कोणी काही विचारलं की म्हणायचो, मी काहून सांगू? पाहून सांग. पोरं जायची, पाहायची, धावत येऊन सांगायची. बेडूक पाहिला, चंद्र पाहिला. आठवीत तारा होती, प्रयागबाईची. बाप नाही. आमच्या गावच्या मोजक्या पोरी शाळेत येत, त्यातली एक. तिनं हेच विचारलं. हेच. अन् घंटा झाली. मी डस्टर झटकून म्हटलं, पाहून सांग."

पुढचं आम्हाला कळलं होतं. तरी ते बोलले. गावामागं एक जुनी विहीर होती, वापरात नसलेली, भिंतीला उतरायचे लोखंडी पायटे असलेली. रविवारी दुपारी तारा घरातली चिमणी घेऊन तिथं गेली. चिमणी म्हणजे आमच्याकडे रॉकेलचा पत्र्याचा छोटा दिवा. संध्याकाळी शोधाशोध झाली. तिला वर काढलं तेव्हा रुपराव काठावर होते.

"भिंतीवर, पायट्यांच्या बाजूनं, खडूच्या रेघा होत्या. शाळेचा खडू." त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "मंग गावानं पोरी शाळेतून काढल्या. अजून येत नाहीत. अन् माह्या वर्गात जरा शांतता झाली की ती विचारते. रागानं नाही. तेव्हा विचारलं तसंच, हात वर करून. सर, कुठी? म्हणून मी थांबतच नाही. बोलत राहिलो की तिले जागा भेटत नाही."

अशा वेळी लोक जे बोलतात ते बोलायला आम्ही तोंड उघडत होतो. तुमचा काय दोष, नशीब, वगैरे. महादेवरावांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"रेघा कुठवर होत्या?"

मी त्याच क्षणी त्यांच्या नावे खर्ची टाकलं. माणूस आहे की इन्स्पेक्टर!

"वरच्याच भागात," रुपराव म्हणाले.

"तळापर्यंत नाही?"

"नाही. अर्ध्याच्या वरच संपल्या. शेवटची रेघ दुहेरी होती. एकीखाली एक."

महादेवरावांनी पान थुंकलं. "आपण पोरांकडून दुहेरी रेघ कशाखाली ओढून घेतो, रुपराव?"

प्रत्येक शाळेत, प्रत्येक गणिताच्या शेवटी, हातावर पट्ट्या मारून आम्ही ती सवय लावलेली. उत्तराखाली दोन रेघा.

"उत्तर मिळालं होतं तिले," शोभा कुजबुजली.

"दिवा कुठं सापडला?" महादेवरावांचं सुरूच होतं.

"तळाशी."

"दोरी?"

"तिच्या मनगटाले. दिव्याले नव्हती." रुपराव एकदम उभे राहिले. "गाठ सुटली असंल."

ती खाली उतरत गेली, दिवा आपल्या पायाखाली सोडत, जिथं जिथं जळत राहिला तिथं तिथं रेघ ओढत. जिथं विझला तिथं दोन ओढल्या. ती थांबली होती. मास्तरांनी सांगितलेला नियम तिनं मोडला नव्हता. मग खाली का गेली, हे आमच्यातल्या कोणालाच विचारावं लागलं नाही. एकाच दिव्याच्या घरातून आम्हीही आलो होतो. तो दिवा हरवून घरी जायचं म्हणजे काय, हे आम्हाला पाठ होतं.

"दिवा आणाले गेली," रुपराव म्हणाले.

मला वाटलं होतं की आता त्यांचं ओझं उतरेल. हिशेब तसाच दिसत होता. पण त्यांचा चेहरा आणखी उतरला.

"म्हणजे मी जे सांगतलं ते तिनं ऐकलं. जे सांगतलं नाही, त्यानं गेली."

"आणि ते आपण कोणीच सांगत नाही," महादेवराव म्हणाले. "दिवा विझला तर उतरू नये. पूर्णविराम. दिव्याचं काय करायचं, हे माह्या उभ्या नोकरीत मी एका मास्तराच्या तोंडून ऐकलं नाही."

त्यानंतरचे दिवस आम्ही ठरलेला कार्यक्रम बाजूला ठेवून तो एकच पाठ बांधत बसलो. भांडणं किती! कोणी लोणच्याची उंच काचेची बरणी आणली, तिच्यातला मोहरीचा वास शेवटपर्यंत गेला नाही. मी पत्र्याच्या पट्टीला पायऱ्या पाडून घेतल्या. प्रत्येक पायरीवर मेणबत्तीचा तुकडा. तळाशी खायचा सोडा, वरून नळीनं लिंबाचा रस. हेडमास्तर म्हणाले, चुन्याची निवळी हवी. शोभा म्हणाली, निवळी पोरींना कंटाळवाणी वाटते. दोघं दुपारभर बोलेनात. रुपराव आधी लांबून पाहत होते. मग एकदा न राहवून म्हणाले, "रस एकदम टाकाल तर फेसानंच विझन. थेंब थेंब पाहिजे." आणि नळी त्यांनी शोभाच्या हातून काढून घेतली. मी ते पाहिलं आणि काही न पाहिल्यासारखं केलं. अशा वेळी माणसाकडे पाहिलं की तो बुजतो.

पाठ त्यांनीच घेतला. या खेपेला त्यांनी प्रश्न विचारला आणि थांबले. ते थांबणं आम्हाला सोसवत नव्हतं, त्यांना काय होत असेल! कपाळावर घाम. नजर शोभाच्या बाकावर, तिच्या जरा वर. काहीतरी ऐकत होते, आणि ऐकून घेत होते. मग त्यांनी थेंब सोडायला सुरुवात केली. सगळ्यात खालची ज्योत आखडली, निळी झाली आणि गेली. मग तिच्या वरची. मग तिच्या वरची. फुंकर नाही, वारा नाही, कोणी दिसत नाही, आणि काहीतरी पायरी पायरीनं वर चढत होतं. आम्ही सगळे विज्ञानाचे मास्तर, पण माझ्या दंडावर काटा आला.

"इथं विझते," रुपराव म्हणाले. "जड वायू जिथवर भरला असंल तिथं. दर विहिरीचं इथं वेगळं असते. म्हणून दर वेळी पाहावं लागते, पण वरून."

शोभानं हात वर केला. वेणी तोंडात नव्हती. "सर, अन् दिवा खाली पडला तर? माय मारन ना."

"पडू द्यायचा. मायले माझं नाव सांगायचं."

त्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला जे सांगायचं टाळलं होतं ते सांगितलं. दुष्काळाचा दुसरा उन्हाळा. गावची चालू विहीर आटली होती आणि त्याच आठवड्यात गाव ती जुनी विहीर उपसून गाळ काढणार होतं. "म्हणूनच मी इथं आलो," ते म्हणाले. "ते उतरतील तेव्हा मी गावात नसावा, म्हणून."

"उद्याची गैरहजेरी मी पाहतो," महादेवराव म्हणाले. "एकटे जाऊ नका मात्र. कुसुमताई, शोभा, जा यांच्यासोबत. पळू लागले तर धरून ठेवा."

सावनेरच्या एसटीत रुपराव खिडकीशी बसले. नवा कंदील मांडीवर. नवा म्हणजे महादेवरावांच्या घरचा. "तेव्हा आमच्या शाळेत काही नव्हतं," ते मधेच म्हणाले. "काडेपेटीसुद्धा मी घरून नेत होतो." पुढे गावापर्यंत बोलले नाहीत. ओठही हलले नाहीत.

विहिरीवर माणसं जमली होती. दोर, टोपल्या, कुदळी. एक जण कमरेला दोर बांधून पायट्यावर पाय टाकायच्या बेतात. रुपराव दिसले तशी कुजबूज थांबली.

"या मास्तर," एक म्हातारा म्हणाला. "तुहं शिकवणं पाहिलं गा आम्ही. पुन्हा पाहायची हौस नाही."

"पाहू नका, ऐका," रुपराव म्हणाले. "आधी त्याले वर घ्या."

त्या आवाजात काय होतं कोण जाणे, दोर बांधलेला माणूस आपणच वर आला. रुपरावांनी कंदिलाचा दोर गाठ मारून, ओढून पाहून, काठावरच्या दगडाला अडकवला. विहिरीत वाकून पाहिलं. मीही पाहिलं. इतक्या पावसाळ्यांनंतर भिंतीवर कसल्याही रेघा नव्हत्या. पण त्यांची नजर पायट्या पायट्यावर थांबत उतरली आणि एका जागी बराच वेळ खिळून राहिली.

बाया बाभळीखाली बसल्या होत्या. त्यांत एक उंच, वाकलेली, पांढऱ्या कपाळाची. ती प्रयागबाई हे मला कोणी सांगावं लागलं नाही. रुपराव तिच्याकडे पाहणंच टाळत होते.

शोभानं माझा पदर ओढला. "कुसुमताई, ते दिव्याचं सांगतील काय हो? ती बसली ना तिथं."

हाच तर पेच होता. सांगितलं तर त्या माउलीला आयुष्यभरासाठी कळणार की पोर कशासाठी खाली गेली आणि कोणाच्या धाकानं. नाही सांगितलं तर उद्या याच काठावरून कोणाचं तरी पोर घरची वस्तू आणायला उतरणार. मी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. माझी बेरीज काही लागेना.

रुपरावांनी सगळं सांगितलं. जड वायू, दिवा, दोर. मग क्षणभर थांबले आणि तोच आवाज ठेवून म्हणाले, "अन् दिवा खाली पडला, बादली पडली, काहीही पडलं, तर त्याच्या मागं उतरायचं नाही. घरी कोणी त्यासाठी लेकराले रागवायचं नाही. लेकराले आधीच सांगून ठेवायचं, वस्तू जाऊ दे."

बाभळीखाली हालचाल झाली. प्रयागबाई उठून आली. माणसं बाजूला सरली.

"मास्तर," ती म्हणाली, "माही तारा चिमणीसाठी उतरली होती?"

मी मान खाली घातली. मला ते ऐकायचं नव्हतं.

"हो, बाई," रुपराव म्हणाले. "तिनं आधी माह्याजवळ शाळेचा दिवा मागितला होता. कपाटात होता. मी दिला नाही. म्हणून तिनं घरचा नेला."

शोभानं झटकन माझ्याकडे पाहिलं. मी तिचा हात दाबून धरला.

प्रयागबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. ऊन असं होतं की सावल्या पायांखाली गेल्या होत्या.

"द्यायचा होता," ती म्हणाली.

"द्यायचा होता," रुपराव म्हणाले.

तो खोटेपणा कोणत्या बाजूला लिहायचा हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मी तो कोरा ठेवला आहे.

कंदील खाली गेला. काठावरच्यांनी माना वाकवल्या. तो पिवळा ठिपका उतरत गेला, लहान होत गेला, आणि विझला की अजून आहे यावर दोघा-तिघांत वाद सुरू झाला. उन्हामुळे डोळ्यांना नीट उमगत नव्हतं. रुपरावांनी दोर वर ओढला. कंदील विझला होता. प्रयागबाईनं तो त्यांच्या हातून घेतला, काच वर केली आणि चिमटीनं वात थोडी वर ओढली.

"वात मोठी ठेवा, मास्तर," ती म्हणाली. "वरून दिसली पाहिजे."